जुना कॉम्प्युटर विकण्याआधी त्याचा ‘सांडवा’ तपासा: झटका झेलणारे पार्ट कसे झिजतात?



जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकणं किंवा त्यांचं मेंटेनन्स घेणं हा कमी भांडवलात सुरू होणारा व्यवसाय आहे, हे आपण व्हिडिओत पाहिलं. यात गिऱ्हाईक साधारण तीन प्रकारचं येतं. एक हौशी संग्राहक, ज्याला लहानपणी शाळेत पाहिलेलं मशीन घरात चालू स्थितीत हवं असतं. दुसरा सिनेमा, मालिका किंवा प्रदर्शनासाठी जुनं मशीन भाड्याने मागणारा. आणि तिसरा, सगळ्यात पक्का: एमआयडीसीतला छोटा वर्कशॉपवाला. त्याचं लाखमोलाचं मशीन आजही एका जुन्या डॉसच्या पीसीवर चालतं आणि तो पीसी बंद पडला की त्याचं काम थांबतं.

या व्यवसायात नवीन माणूस एक घाई हमखास करतो. भंगारवाल्याकडून किंवा कुणाच्या माळ्यावरून मशीन आणलं, की धूळ झटकून थेट प्लगला लावायचं आणि ‘चालू होतंय का’ बघायचं. चालू झालं की फोटो काढायचा, जाहिरात टाकायची, विकून मोकळं व्हायचं. मशीन चालू होतं हे खरं. पण विजेचा झटका आला तर ते वाचेल का, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरात त्यातून धूर तर निघणार नाही ना, या प्रश्नांचं उत्तर ‘चालू होतंय’ यात मिळत नाही.

आज हाच विषय घेऊ. झटका झेलणारे पार्ट कोणते, ते झिजतात कसे, ओळखायचे आणि बदलायचे कसे, आणि या कामाचे पैसे गिऱ्हाइकाकडून प्रामाणिकपणे कसे घ्यायचे.

आधी समजून घ्या: झटका म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. त्यात थोडं वर-खाली चालतं. १० टक्के वर गेलं तर २५३ व्होल्ट. हे सगळं मशीन सहन करतं.

झटका, म्हणजे ज्याला आपण स्पाइक किंवा सर्ज म्हणतो, तो वेगळा. जवळपास वीज पडली, शेजारच्या गाळ्यातली मोठी मोटर किंवा वेल्डिंग मशीन बंद झालं, किंवा गेलेली लाइट धाडकन परत आली, की लाइनवर क्षणभर शेकडो, कधी हजारो व्होल्ट उसळतात. हा क्षण सेकंदाच्या लाखाव्या भागात मोजावा इतका छोटा असतो. डोळ्याला बल्बची उघडझाप दिसत नाही, पण मशीनच्या आतल्या ट्रान्झिस्टरला तेवढा वेळ पुरतो.

दुसरा प्रकार म्हणजे लाइनचं व्होल्टेज बराच वेळ चढून राहणं. थ्री फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटला, तर एखाद्या सिंगल फेज सॉकेटवर ४०० व्होल्टच्या आसपास येऊ शकतं. हा झटका नव्हे, हा पूर आहे. दोन्हीतला फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एमओव्ही: मशीनचा सांडवा

झटका झेलण्याचं काम करणारा सगळ्यात सामान्य पार्ट म्हणजे एमओव्ही, पूर्ण नाव मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर. बाजारात याला व्हीडीआर असंही म्हणतात. दिसायला चपट्या गोळीसारखा, बहुतेक वेळा निळा, दोन पाय असलेला. १९७० च्या दशकापासून हा पार्ट सगळीकडे पसरला, त्यामुळे १९८० आणि १९९० च्या दशकातल्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये आणि स्पाइक बस्टरमध्ये तो बऱ्याचदा सापडतो.

याचं काम समजायला धरणाचा सांडवा डोळ्यांसमोर आणा. पाणी ठरलेल्या पातळीच्या खाली असेपर्यंत सांडव्यावरून थेंबही जात नाही. पातळी ओलांडली की जास्तीचं पाणी सांडव्यावरून निघून जातं आणि धरण वाचतं. एमओव्ही लाइन आणि न्यूट्रलच्या मध्ये आडवा जोडलेला असतो. साध्या २३० व्होल्टला तो जवळजवळ बंद असतो. व्होल्टेज उसळलं की तो लगेच वाट मोकळी करून देतो, जास्तीचा करंट स्वतःमधून नेतो आणि स्वतः तापतो.

आत काय असतं? झिंक ऑक्साइडची पूड, त्यात बिस्मथसारख्या धातूंची थोडी ऑक्साइडं, हे सगळं दाबून भट्टीत भाजलेलं. म्हणजे ही एक प्रकारची कुंभारकामाची वस्तूच झाली. भाजल्यावर आत असंख्य बारीक कण तयार होतात. दोन कणांच्या मधली सीमा साधारण ३ व्होल्टपर्यंत करंट अडवून धरते. अशा दीडेकशे सीमा एकामागे एक आल्या की ४७० व्होल्टचा एमओव्ही तयार. गोळी जाड असेल तर व्होल्टेज जास्त, आणि गोळीचा व्यास मोठा असेल तर झटका झेलायची ताकद जास्त.

एक गैरसमज इथेच काढून टाका. एमओव्ही म्हणजे व्होल्टेज २३० वर धरून ठेवणारा स्टॅबिलायझर नव्हे. ४७० व्होल्टची १४ मिलिमीटरची गोळी ५० अँपिअरच्या झटक्यात सुमारे ७७५ व्होल्टपर्यंत जाऊ देते. हजारो व्होल्टच्या जागी सात-आठशे, एवढीच तिची कामगिरी, आणि बऱ्याचदा ती पुरते.

झिजतो कसा?

आता मुद्द्याची गोष्ट. सांडव्यावरून प्रत्येक पुराचं पाणी जाताना त्याची कड थोडी खरवडत जातं. असे बरेच पूर गेले की कड खाली येते. मग पूर नसतानाही, रोजच्या पातळीला, पाणी झिरपायला लागतं.

एमओव्हीचं तंतोतंत असंच होतं. प्रत्येक मोठ्या झटक्यात कणांमधल्या काही सीमा कायमच्या कमजोर होतात. करंट सगळीकडून सारखा जात नाही. जिथे वाट सोपी, तिथून जास्त जातो, आणि तीच जागा आणखी कमजोर होते. हळूहळू ज्या व्होल्टेजला तो उघडतो, ते व्होल्टेज खाली येतं. मूळ आकड्यापेक्षा १० टक्क्यांनी खाली आलं की तो पार्ट संपला असं धरतात. म्हणजे बरोबर ४७० ला उघडणारी गोळी ४२३ च्या खाली आली की ती बाद.

ही झीज उत्पादक लपवत नाहीत, डेटाशीटमध्येच लिहितात. साध्या १४ मिलिमीटरच्या गोळीची क्षमता लिहिलेली असते ती अशी: एकदाच येणारा झटका असेल तर ४,५०० अँपिअर, पण दोन झटके झेलायचे असतील तर प्रत्येकी २,५०० अँपिअर. शेकडो झटके झेलायचे असतील तर आकडा खूपच खाली येतो. पार्ट एकच आहे, पण तो स्वतःला खर्च करत काम करतो. थोडक्यात, हा स्कूटरच्या ब्रेक लायनरसारखा पार्ट आहे. वापरला की संपतो.

शेवट कसा होतो? उघडण्याचं व्होल्टेज खाली आलं की रोजच्या २३० व्होल्टलाही त्यातून थोडा करंट सतत गळतो. गळतीमुळे तो तापतो. तापला की गळती वाढते. गळती वाढली की अजून तापतो. हे चक्र एकदा धरलं की गोळी शॉर्ट होते, फुटते, काळी पडते. समोर फ्यूज असेल तर फ्यूज उडतो आणि गोष्ट तिथेच संपते. पण गळती फ्यूज उडण्याइतकी मोठी नसेल, तर गोळी तशीच धुमसत राहते. शेजारी प्लॅस्टिक असेल तर ते वितळतं, पेटतं.

आणि मघाचा पूर आठवा. न्यूट्रल तुटून ४०० व्होल्ट आलं तर त्याचं शिखर ५६५ व्होल्टपर्यंत जातं. ४७० ची गोळी अशा वेळी दर सेकंदाला शंभर वेळा उघडते आणि बघता बघता जळते. क्षणाच्या झटक्यासाठी बनवलेला पार्ट पुरासमोर टिकत नाही.

ही भीती घालण्याची गोष्ट नाही, घडलेली आहे

२०१३ साली अमेरिकेत श्नायडर इलेक्ट्रिक कंपनीने एपीसी ब्रँडचे सुमारे दीड कोटी सर्जअरेस्ट सर्ज प्रोटेक्टर परत मागवले. हे युनिट २००३ च्या आधी बनवलेले होते. ते तापून, वितळून आग लागण्याचा धोका होता. अशा सुमारे ७०० तक्रारी आल्या होत्या, त्यांपैकी काहींमध्ये मालमत्तेचं मोठं नुकसान झालं होतं. ही काही रस्त्यावरची बिननावाची वस्तू नव्हती, नामांकित ब्रँड होता.

व्यावसायिकाने यातून काय घ्यायचं? ज्या वस्तूचं कामच संरक्षण करणं आहे, ती म्हातारी झाली की स्वतःच धोका बनू शकते. आणि मशीनबरोबर आलेला वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा स्पाइक बस्टर ‘ओरिजिनल आहे’ म्हणून कौतुकाने विकणं म्हणजे तो धोका गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवणं.

जुन्या मशीनमध्ये कुठे-कुठे बघायचं?

१. स्पाइक बस्टर. त्याचा लाल दिवा लागतोय म्हणजे संरक्षण आहे, असं बहुतेकांना वाटतं. साध्या स्पाइक बस्टरमध्ये तो दिवा फक्त लाइट आहे एवढंच सांगतो. बऱ्या मॉडेलमध्ये एमओव्हीला चिकटून एक थर्मल फ्यूज असतो. गोळी तापली की तो तुटून गोळीला लाइनपासून वेगळं करतो. आग टळते, पण अनेक मॉडेलमध्ये सॉकेट चालूच राहतात. म्हणजे तेव्हापासून तो साधा एक्स्टेन्शन बोर्ड झाला, आणि मालकाला पत्ताही नाही.

२. एसएमपीएसचं तोंड. जिथे लाइन आत येते तिथे, फ्यूजच्या लगेच पुढे, लाइन आणि न्यूट्रलमध्ये ही गोळी असते. तिच्याजवळच आणखी एक चकती दिसेल, बऱ्याचदा काळी किंवा हिरवट. ती एनटीसी थर्मिस्टर. मशीन चालू करताना येणारा पहिला लोंढा अडवणं हे तिचं काम. एमओव्ही आडवा जोडलेला असतो आणि एनटीसी लाइनच्या वाटेत, ओळीत असतो. दिसायला सारखे म्हणून अदलाबदल केलीत तर एनटीसी लाइनवर थेट शॉर्ट होईल. रंगावर जाऊ नका, अंगावर छापलेला नंबर वाचा.

३. ११५/२३० च्या स्विचमागच्या दोन गोळ्या. जुन्या पीसीच्या सप्लायवर मागे लाल स्विच असतो. अशा अनेक सप्लायमध्ये दोन मोठ्या कॅपॅसिटरवर एकेक छोटी गोळी जोडलेली असते. स्विच ११५ वर असताना आपली २३० ची लाइन दिली, की या गोळ्या स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतात. ‘धाड’ आवाज करून बंद पडलेला सप्लाय आला तर इथे आधी बघा. आणि कुठलंही मशीन लावण्याआधी तो स्विच २३० वर आहे याची खात्री करा.

४. पिवळसर पारदर्शक कॅपॅसिटर. हा झटका झेलणारा पार्ट नव्हे, लाइनवरची खरखर गाळणारा आहे. पण एमओव्हीच्या शेजारीच बसतो आणि लाइनचे झटके त्यालाही लागतात. रिफा या स्वीडिश कंपनीचे असे कॅपॅसिटर जुन्या मशीनमध्ये प्रसिद्ध आहेत, किंवा बदनाम म्हणा. आत धातूचा मुलामा दिलेला कागद, बाहेर पारदर्शक कवच. वर्षानुवर्षांत कवचाला बारीक तडे जातात, त्यातून हवेतला ओलावा कागदात शिरतो. मग एक दिवस लाइट दिली की काही मिनिटांत फट आवाज, दाट धूर आणि खोलीभर वास.

यासाठी सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा १९८१ सालचा बीबीसी मायक्रो. आपला याच्याशी जुना संबंध आहे. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा शाळांत हेच मशीन आलं होतं. त्यामुळे एखाद्या जुन्या शाळेच्या कपाटातून बीबीसी मायक्रो तुमच्यापर्यंत आला, तर लाइट देण्याआधी त्याचा सप्लाय उघडा.

या दोन पार्टमधला फरक नीट समजून घ्या, कारण अंदाज इथेच चुकतात. एमओव्ही मुख्यतः वापराने झिजतो: झटक्यांनी, उष्णतेने, सतत लाइनवर राहिल्याने. पिवळा कॅपॅसिटर पडून राहिल्यानेही खराब होतो. म्हणून ‘हे मशीन वर्षानुवर्षं डब्यात होतं, कधी वापरलंच नाही’ हे वाक्य ऐकून खूश होऊ नका. आणि ‘रोज चालत होतं’ या वाक्यानेही निश्चिंत होऊ नका.

परदेशातून आलेलं मशीन: इथे विशेष सावध

आपल्याकडे अनेक घरांत अमेरिकेहून मुलाने, भाच्याने आणलेलं मशीन किंवा पॉवर स्ट्रिप असते. तिथली लाइन १२० व्होल्टची. त्यामुळे तिथल्या स्ट्रिपमधल्या गोळ्या साधारण १३० किंवा १५० व्होल्टच्या असतात. अशी स्ट्रिप अॅडॉप्टर पिन लावून आपल्या २३० वर जोडली, की गोळीसाठी तो झटका नसून कायमचा पूर असतो. ती लगेच फुटते. ‘माझ्या लॅपटॉपचा चार्जर तर दोन्हीकडे चालतो’ असं गिऱ्हाईक म्हणेल. चार्जर चालतो, स्ट्रिप नाही. हे एक वाक्य तुम्ही वेळेवर सांगितलंत तरी गिऱ्हाईक कायमचं तुमचं होईल.

मल्टिमीटरने का कळत नाही?

चांगला एमओव्ही मल्टिमीटरवर ओपन दाखवतो. अर्धा झिजलेलाही ओपनच दाखवतो, कारण मीटर त्याला फार थोडं व्होल्टेज देतो आणि तो उघडतो शेकडो व्होल्टला. पूर्ण शॉर्ट झालेला तेवढा मीटर पकडतो. झीज मोजायची तर १ मिलिअँपिअर करंटला किती व्होल्ट येतात हे बघावं लागतं, आणि त्यासाठी शेकडो व्होल्ट देणारा, करंट मर्यादित ठेवणारा सप्लाय लागतो.

आता व्यवसायाचा हिशोब करा. गोळी एका वडापावच्या किमतीच्या आसपास मिळते. ती तपासायला तुमचा अर्धा तास आणि वेगळं उपकरण खर्च करण्यापेक्षा ती बदला. तिने आजवर किती झटके खाल्ले हे तुम्हाला कुणीच सांगू शकणार नाही. ज्याचा इतिहास माहीत नाही आणि ज्याची किंमत नगण्य आहे, असा पार्ट तपासत बसायचा नसतो.

बदलायची पद्धत

१. प्लग काढा. सप्लाय उघडण्याआधी थांबा. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेलं असतं आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतं. मीटरने डीसी रेंजवर मोजा. शून्याजवळ आल्याशिवाय हात लावू नका. हे काम कधी केलं नसेल तर पहिल्या काही मशीनना जाणकार कारागिराला शेजारी बसवा.

२. उघडल्यावर आधी फोटो काढा. जुन्या गोळीचा, कॅपॅसिटरचा आणि फ्यूजचा नंबर लिहून घ्या.

३. नंबर वाचायला शिका. समजा गोळीवर ‘१४ डी ४७१ के’ अशा अर्थाचा नंबर आहे. १४ म्हणजे व्यास १४ मिलिमीटर. ४७१ म्हणजे ४७ पुढे एक शून्य, ४७० व्होल्ट. शेवटचं ‘के’ म्हणजे १० टक्के इकडे-तिकडे. ही गोळी सतत ३०० व्होल्ट एसी सहन करते. ४३१ असेल तर २७५, ३९१ असेल तर २५०. आपल्या लाइनवर २५० ची गोळी काठावर येते, त्यामुळे लाइन आणि न्यूट्रलच्या मध्ये ४७१ घेणं बरं. ११५/२३० स्विचमागच्या गोळ्यांना मात्र हा नियम लावू नका, तिथे मूळ नंबरच टाका.

४. व्यास कमी करू नका. १४ च्या जागी ७ ची गोळी बसते, दिसतेही नीटनेटकी, पण १४ ची गोळी एका झटक्यात ४,५०० अँपिअर झेलते तर साधी ७ ची सुमारे १,२००.

५. पिवळ्या कॅपॅसिटरच्या जागी एक्स-२ वर्गाचाच, तेवढ्याच क्षमतेचा, आपल्या लाइनला चालणाऱ्या व्होल्टेजचा कॅपॅसिटर टाका. लाइनपासून अर्थिंगला जोडलेले कॅपॅसिटर वाय वर्गाचे असतात, तिथे वाय वर्गाचाच. डब्यात पडलेला साधा कॅपॅसिटर इथे चालत नाही.

६. फ्यूज मूळ रेटिंगचाच. फ्यूजच्या जागी तार कधीच नाही. झिजलेल्या एमओव्हीला शेवटी फ्यूजच सांभाळतो.

७. पहिली लाइट सिरीज बल्बमधून द्या. त्यात ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब लावा, एलईडी नको. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटून राहील आणि मशीन वाचेल.

८. अर्थिंग बघा. तिसरी पिन मोडलेली असेल किंवा सॉकेटला अर्थिंगच नसेल, तर अर्थिंगकडे झटका वळवणाऱ्या गोळ्या असूनही निरुपयोगी. वायरिंगचं काम लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायला सांगा, स्वतः अंगावर घेऊ नका.

पार्ट मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात सहज मिळतात. दुकानदाराला ‘निळी गोळी द्या’ म्हणू नका. नंबर सांगा आणि अंगावर छापलेला नंबर तिथेच वाचून घ्या.

एक शॉर्टकट, जो तुम्ही घ्यायचा नाही

फ्यूज उडालेलं मशीन येतं. उघडलं तर गोळी फुटलेली. कटरने गोळी कापली, नवीन फ्यूज टाकला, मशीन चालू. दहा मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश, पैसे हातात. बाजारात हे सर्रास चालतं.

मशीन चालेल, हे खरं. एमओव्ही नसला तरी कॉम्प्युटर चालतोच. पण तुम्ही सांडवा बुजवून धरण परत भरलंय. पुढचा झटका थेट आत जाईल. तेव्हा जी चिप जाईल ती कदाचित आज कुठेच मिळत नसेल. वर्कशॉपवाल्याचं काम थांबेल, संग्राहकाची आवडती वस्तू जाईल, आणि दोघंही एकच नाव घेतील: तुमचं. पार्ट आत्ता मिळत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, लिहून द्या आणि पार्ट आला की बसवा. न सांगता काढून टाकणं ही दुरुस्ती नव्हे.

याचे पैसे कसे घ्यायचे?

नवीन उद्योजक इथे अडखळतो. ‘वडापावच्या किमतीच्या पार्टचे मी किती घेऊ?’ मित्रांनो, गिऱ्हाईक पार्टचे पैसे देत नाही. सप्लाय सुरक्षितपणे उघडणं, योग्य नंबर निवडणं, टेस्ट करणं आणि जबाबदारी घेणं याचे पैसे देतं. म्हणून बिलात ‘एमओव्ही १ नग’ असं एकटं लिहू नका. ‘पॉवर सेफ्टी सर्व्हिस’ अशी वेगळी ओळ करा आणि खाली काय केलं ते लिहा.

जॉब कार्डवर या चार गोष्टी असू द्या:

- कोणते पार्ट बदलले, जुना आणि नवीन नंबर
- बदलल्याची तारीख
- अर्थिंग बघितलं का, काय आढळलं
- पुढची तपासणी कधी

सप्लायच्या डब्यावर तारखेचा छोटा स्टिकर लावा. जुने काढलेले पार्ट पाकिटात घालून गिऱ्हाइकाला परत द्या. तडा गेलेला पिवळा कॅपॅसिटर हातात आला, की तुमच्या बिलाबद्दल सहसा कुणी वाद घालत नाही.

वॉरंटीचे शब्द तोलून वापरा. ‘आता वीज पडली तरी काही होणार नाही’ असं कधीही म्हणू नका. ते खोटं आहे. म्हणा, ‘साध्या झटक्यांपासून संरक्षण पूर्ववत केलं आहे. गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा. मोठा झटका बसल्याची शंका आली तर मशीन परत दाखवा.’ यात तुमची मर्यादाही आली आणि काळजीही आली.

वर्कशॉपवाल्यांना वर्षाची सर्व्हिस द्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस गडगडाट घेऊन येतो आणि जाताना परतीचा पाऊसही तसाच. त्यामुळे एक फेरी मार्चअखेर, दुसरी परतीचा पाऊस संपल्यावर. दोन ठरलेल्या भेटी, ठरलेले पैसे. एका विक्रीतून एकदाच नफा मिळतो, अशा फेऱ्यांतून दरवर्षी गल्ला चालू राहतो.

आजचा होमवर्क

घरातला सगळ्यात जुना स्पाइक बस्टर शोधा. त्यावर बनवल्याचं वर्ष आहे का बघा. पांढरं प्लॅस्टिक एका जागी पिवळं किंवा तपकिरी झालंय का, हलवल्यावर आत काही खडखडतंय का, जळका वास येतोय का बघा. यातलं एकही लक्षण दिसलं तर तो आजच वापरातून काढा. लक्षण नाही, पण वय दहा वर्षांच्या पुढे आहे, तरी नवीन घ्या. झिजलेली गोळी बाहेरून सांगत नाही.

मग त्या जुन्याचा प्लग काढून, तो उघडून आतली गोळी शोधा आणि तिचा नंबर वाचा. पहिल्या गिऱ्हाइकाच्या मशीनला हात लावण्याआधी असा सराव पाच-सहा जुन्या बोर्डांवर करा. हा सराव जवळजवळ फुकट आहे, आणि पुढच्या व्हिडिओत आपण जॉब कार्डचा नमुना भरून बघणार आहोत, तेव्हा हे नंबर तुमच्या हाताशी असू द्या.

भेटूया!